करकायद्याचे धुरंधर विधिज्ञ : कै. नानी अर्देशिर पालखीवाला

आपल्या जुन्नर तालुक्याच्या पश्चिम कडेला नाणेघाट आहे. घाटाच्या माथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण असून, कोकणातून चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात ह्या रांजणात टाकली जात असे, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. जवळच्याच लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. तात्पर्य, कर ही वस्तू ह्या भूमीस दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. आणि जेथे कर घेणारा आला, तेथे तो कोणत्या मालावर घ्यावा, किती घ्यावा व कोणाकडून घेऊ नये हा वादही आलाच. पूर्वी हा वाद घाटातील चौकीवर तोंडातोंडी मिटत असेल. अर्वाचीन काळी तो न्यायमंदिरात जाऊन पोहोचला, आणि तेथे तो चालविणाऱ्या विद्वानांचा एक स्वतंत्र वर्गच निर्माण झाला. ह्या वर्गाचे मुकुटमणी म्हणून ज्यांचे नाव साऱ्या भारतवर्षात घेतले जाते, त्या कै. नानी अर्देशिर पालखीवाला ह्यांचे अल्पचरित्र यंदाच्या अंकात वाचकांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या ह्या वार्षिक अंकात बहुधा आपल्याच ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होत असतात. मग मुंबईच्या एका पारशी गृहस्थाचे चरित्र येथे कशासाठी, असा प्रश्न काही ज्ञातिबांधव करतील. त्यास आमचे उत्तर दुहेरी आहे. पहिले असे की, पिंपळवंडी, नारायणगाव, आळेफाटा ह्या परिसरातील आपली मुले-मुली आता मोठ्या संख्येने वाणिज्य व विधी ह्या शाखांकडे वळू लागली आहेत. वकील म्हणजे फौजदारी खटला चालविणारा अथवा जमिनीच्या वाटपाचा दावा लढविणारा, एवढीच कल्पना आपल्याकडे रूढ आहे. कंपन्यांच्या करांचे वाद चालविणारा वकील नेमके काय करतो, हे आपल्या पालकांस माहीत नसते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. पालखीवाला हे जितके थोर होते, तितकेच ते अनेकदा आपल्यासारख्या कष्टकरी समाजाच्या हिताविरुद्ध भासणाऱ्या बाजूनेही उभे राहिले. अशा पुरुषाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, हा विचार केवळ आरती ओवाळण्याने सुटणारा नाही. तो शांतपणे करावयास हवा.

नानी पालखीवाला ह्यांचा जन्म १६ जानेवारी १९२० रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे घराणे सामान्य स्थितीतील होते. पारशी लोकांत धंद्यावरून आडनाव पडण्याची चाल प्रसिद्धच आहे. ह्या घराण्यातील पूर्वजांचा पालख्यांशी संबंधित व्यवसाय होता, त्यावरून पालखीवाला हे नाव रूढ झाले. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु आमच्या चरित्रनायकाच्या बाबतीत ती म्हण खोटी ठरली असेच म्हणावे लागेल. ज्या पुरुषाच्या वक्तृत्वाने पुढे भरलेली मैदाने तासन् तास तटस्थ होत, तो बालपणी तोतरा होता. शब्द ओठांपर्यंत येई आणि तेथेच अडखळे. मुलांच्या वर्गात अशा विद्यार्थ्याची काय अवस्था होते, हे आम्ही आमच्या साऱ्या नोकरीत जवळून पाहिले आहे. हसणारी मुले बाजूस असतात, आणि तो बिचारा उत्तर येत असूनही हात वर करीत नाही. ह्या बालकाने मात्र हात खाली ठेवला नाही. चिकाटीने व सततच्या अभ्यासाने त्याने आपली जीभ ताब्यात आणली, आणि ज्या दोषाने दुसरा एखादा जन्मभर मुका राहिला असता, त्याच दोषावर मात करून तो वक्ता झाला.

मुंबईच्या मास्टर्स ट्युटोरियल हायस्कुलात त्यांचे शालेय शिक्षण झाले. पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय हा विषय घेऊन ते एम्. ए. झाले. त्यांची मनीषा प्राध्यापक होण्याची होती. त्याप्रमाणे त्यांनी अध्यापकाच्या जागेसाठी अर्जही केला. परंतु ती जागा दुसऱ्या उमेदवारास मिळाली. आज नोकरी हुकली म्हणून निराश होऊन बसणाऱ्या तरुणांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ती जागा त्यांना मिळाली असती, तर महाविद्यालयास एक उत्तम प्राध्यापक लाभला असता हे खरे; परंतु भारताच्या न्यायशास्त्राचा इतिहास काही निराळाच झाला असता. निरुपाय होऊन म्हणा अथवा दैवयोगाने म्हणा, ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात दाखल झाले आणि परीक्षांत अग्रक्रमाने उत्तीर्ण होऊन १९४४ साली त्यांनी वकिलीस आरंभ केला.

वकिलीच्या धंद्यात गुरूचे घर हीच खरी शाळा होय. पालखीवाला ह्यांना लाभलेले गुरू सर जमशेटजी कांगा हे मुंबई प्रांताचे ॲडव्होकेट जनरल म्हणून काम केलेले व करकायद्यात अधिकारी मानले गेलेले ज्येष्ठ विधिज्ञ होते. त्यांच्या कार्यालयातून जे शिष्य बाहेर पडले, त्यांची नुसती नावे घेतली तरी पुरे. राज्यघटनेवर प्रचंड ग्रंथ लिहिणारे होरमसजी सीरवाई, फली नरिमन, सोली सोराबजी ही सर्व मंडळी ह्याच गुरुकुलातील. सर जमशेटजींकडे जातिभेद वा पैशाचा भेद नव्हता. कष्ट करण्याची तयारी एवढेच काय ते प्रवेशाचे शुल्क होते. नवशिक्या वकिलाने रात्र रात्र जागून निवाड्यांचे खंड चाळावेत, टिपणे तयार करावीत, आणि सकाळी वडीलधाऱ्या वकिलामागे न्यायालयात बसून कान उघडे ठेवावेत, असा तेथील क्रम असे.

आता करविषयक वाद म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. हिंदुस्थानात प्राप्तिकर प्रथम १८६० साली आला. सत्तावन्नच्या उठावामुळे रिकामी झालेली तिजोरी भरून काढण्यासाठी त्यावेळचे अर्थसदस्य जेम्स विल्सन ह्यांनी तो बसविला. पुढे १९२२ चा व नंतर १९६१ चा कायदा झाला. आणि अलीकडे, २०२५ साली, संसदेने १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला आहे. कंपनी वर्षाअखेर आपला हिशेब सादर करते. तो तपासणारा अधिकारी म्हणतो की, अमुक खर्च तुम्ही वजा केला आहे, तो आम्हांस मान्य नाही. तेवढी रक्कम नफ्यात मिळवून तीवर कर भरा. कंपनीस हे अमान्य असल्यास ती वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करते. तेथून प्रकरण प्राप्तिकर अपीलीय न्यायाधिकरणाकडे जाते. हे न्यायाधिकरण १९४१ साली स्थापन झाले असून, वस्तुस्थिती काय आहे ह्याविषयी सामान्यतः त्याचा शब्द अखेरचा असतो. त्यापुढे उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयात जावयाचे ते केवळ कायद्याच्या प्रश्नावर. एकेका वादास दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे लागतात.

ह्या वादांतील एक नित्याचा प्रश्न आपल्या शेतीच्या उदाहरणाने समजेल. शेतकऱ्याने बैल विकत घेतला, तो भांडवली खर्च झाला. कारण बैल पुढे अनेक वर्षे कामास येणार. त्याच बैलास पेंड व कडबा घातला, तो चालू खर्च झाला. चालू खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून पूर्ण वजा होतो. भांडवली खर्च तसा होत नाही. इतके सोपे आहे. परंतु बैल आजारी पडला व त्याच्यावर मोठा उपचार करून तो पुन्हा औतास धरता आला, तर तो उपचार पेंडीच्या बाजूचा की खरेदीच्या बाजूचा? कंपनीच्या बाबतीत बैलाच्या जागी गिरणीतील यंत्र, एखादा करार अथवा परदेशातून घेतलेली विद्या असते, आणि उत्तरावर लक्षावधी रुपये अवलंबून असतात. ह्या सूक्ष्म सीमारेषेवर उभे राहून ती इकडे आहे की तिकडे आहे, हे न्यायाधीशांस पटवून देणे हेच करवकिलाचे काम होय. त्यास हिशेबाची जाण लागते, व्यापाराची लागते, भाषेची लागते, आणि सर्वांत अधिक संयमाची लागते.

१९५० साली कांगा व पालखीवाला ह्या गुरुशिष्यांच्या नावाने प्राप्तिकर कायद्यावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावेळी शिष्याचे वय अवघे तीस वर्षांचे होते. ग्रंथाचे बहुतेक श्रम ह्या तरुणाचे असल्याचे वकीलवर्गात सांगितले जाते. हा ग्रंथ अल्पावधीतच देशभरातील वकील, हिशेबतपासनीस, करअधिकारी व न्यायाधीश ह्या सर्वांच्या मेजावर जाऊन बसला. वादी व प्रतिवादी दोघांनीही एकाच ग्रंथाचा आधार घ्यावा, हे भाग्य फार थोड्या ग्रंथकारांस लाभते. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, आणि ग्रंथकाराच्या निधनानंतरही इतर विद्वानांनी तो सुधारून प्रसिद्ध केला आहे. विशेष म्हणजे, ज्यांना प्राध्यापकी नाकारली गेली होती, त्या पालखीवाल्यांनी काही काळ शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापनही केले. शिक्षकाचा पिंड कोठेही गेला तरी लपत नाही, असेच आम्हांस वाटते.

त्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला व न्यायमूर्ती तेंडोलकर ह्यांच्यापुढे करविषयक प्रकरणे चालत. करदात्याच्या बाजूने कोला, पालखीवाला आदी विधिज्ञ आणि सरकारपक्षातर्फे जी. एन्. जोशी ह्यांच्यासारखे मराठी वकील असा सामना असे. त्या निवाड्यांनी देशाच्या करकायद्यास वळण लावले. पालखीवाल्यांची रीत अशी की, प्रकरण कितीही गुंतागुंतीचे असो, त्यातील एकच गाठ शोधून काढावयाची आणि न्यायाधीशांचे लक्ष तेवढ्याच गाठीवर खिळवावयाचे. दहा मुद्दे मांडून नऊ गमावणाऱ्या वकिलापैकी ते नव्हते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत पाने भरणारे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले. परंतु नेमके उत्तर लिहून लेखणी खाली ठेवणारा विद्यार्थी शेकड्यात एखादाच.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्राच्या योजनांसाठी पैसा हवा होता, आणि त्यामुळे करांची संख्या वाढू लागली. १९५३ साली मृत्युकर, १९५७ साली संपत्तिकर व त्यापाठोपाठ खर्चावरील कर, १९५८ साली देणगीकर आणि १९६३ साली कंपन्यांवर अतिरिक्त नफ्याचा कर असे एकामागून एक कर आले. ह्यांपैकी अनेक पुढे रद्द झाले. मृत्युकर १९८५ साली, देणगीकर १९९८ साली व संपत्तिकर २०१५ साली निघाला. परंतु ते चालू असताना त्यांच्याविरुद्ध सुबोध भाषेत जनतेपुढे बोलणारा कोणी तरी हवा होता. १९५८ पासून पालखीवाल्यांनी दरवर्षी केंद्रीय अर्थसंकल्पावर जाहीर व्याख्यान देण्याचा उपक्रम सुरू केला. पहिली सभा मुंबईतील ग्रीन्स हॉटेलच्या दालनात भरली. श्रोते वाढत गेले, दालन अपुरे पडू लागले, आणि अखेर ब्रेबोर्न स्टेडियमचे क्रिकेटचे मैदान घ्यावे लागले. अंदाजपत्रकावरील व्याख्यानास सहस्रावधी लोकांनी गर्दी करावी, असे दृश्य अन्यत्र क्वचितच आढळेल. हातात कागद नाही, टिपण नाही. सारे आकडे मुखोद्गत. बालपणी एक शब्द उच्चारणे ज्यास कठीण जाई, त्याच्या मुखातून आकड्यांचा हा ओघ अस्खलित वाहत असे. हा क्रम १९९४ पर्यंत चालला.

त्यांचा आक्षेप कर भरण्यास नव्हता; अवाजवी व अस्थिर करास होता. १९६५ साली त्यांनी भारत हे जगातील सर्वाधिक कर असलेले राष्ट्र आहे असे दाखविणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. पुढे १९७३-७४ साली तर दोन लक्ष रुपयांवरील उत्पन्नावर अधिभारासह शेकडा ९७.७५ इतका प्राप्तिकर होता. शाळेतील शेकडेवारीच्या रीतीने मांडावयाचे, तर त्या मर्यादेपुढे मिळविलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतील अवघे सव्वादोन रुपये मिळविणाऱ्याच्या हाती राहत. अशा दराने सरकारची तिजोरी भरत नाही. खोट्या वह्या मात्र भरतात, हे सांगण्यास पालखीवाला कंटाळले नाहीत. पुढे दर उतरत गेले आणि १९८५ साली कमाल दर शेकडा पन्नासवर आला. ह्या बदलाचे सारे श्रेय एका व्यक्तीस देणे रास्त होणार नाही. तथापि लोकमत घडविणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी होते.

१९६८ साली केंद्र सरकारने त्यांना भारताच्या महान्यायवादीचे पद देऊ केले. मोठा मान होता. त्यांनी प्रथम होकार दिला. परंतु रात्र सरताना त्यांच्या अंतःकरणाने निराळा कौल दिला आणि त्यांनी नकार कळविला. पुढील काही वर्षांत ज्या प्रकरणांनी त्यांचे नाव अजरामर केले, त्या सर्वांत ते सरकारच्या विरुद्ध बाजूस उभे होते. ते पद स्वीकारले असते, तर त्याच प्रकरणांत त्यांना नेमकी उलट बाजू मांडावी लागली असती. करांच्या वादात सरकारशी रोज झुंजता झुंजता त्यांस असे दिसून आले होते की, सत्तेस मर्यादा नसेल, तर करासही मर्यादा राहत नाही. तेथूनच ते राज्यघटनेकडे वळले.

आता आम्ही त्या नाजूक भागाकडे येतो. १९ जुलै १९६९ रोजी सरकारने चौदा बँका ताब्यात घेतल्या. पालखीवाल्यांनी भागधारकातर्फे त्यास आव्हान दिले आणि १० फेब्रुवारी १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा अवैध ठरविला. त्याच वर्षी ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे व इतर संस्थानिक ह्यांच्या तनख्याचे प्रकरणही त्यांनी जिंकून दिले. त्याआधी १९६७ च्या गोलकनाथ प्रकरणात, म्हणजे जमीन कमाल धारणेच्या वादातून उद्भवलेल्या प्रकरणात, ते सरकारविरुद्ध बोलले होते. आणि केरळमधील एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती ह्यांनी जमीनसुधारणा कायद्याविरुद्ध जे प्रकरण नेले, त्यात तर ते प्रमुख वकील होते. पुढे मंडल आयोगाच्या प्रकरणात राखीव जागांच्या विरोधी पक्षातर्फेही त्यांनी युक्तिवाद केला.

ज्या गावांत १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याच्या नावे सातबारा झाला, त्या गावांतील माणसाने ही यादी वाचून कपाळास आठी घालणे स्वाभाविक आहे. राष्ट्रीयीकरणानंतर बँकेची शाखा खेड्यात आली, राखीव जागांमुळे अनेक घरांतील पहिला मुलगा शिकून नोकरीस लागला. मग ह्या पुरुषास आम्ही थोर का म्हणावे?

आमचे उत्तर निकालांतच आहे. बँकांचा कायदा रद्द झाल्यावर सरकारने लगेच नवा कायदा केला, भागधारकांस वाजवी मोबदला दिला, आणि बँका राष्ट्राच्याच राहिल्या. केशवानंद प्रकरणात तेरा न्यायाधीशांपुढे अडुसष्ट दिवस सुनावणी झाली. एका बाजूस पालखीवाला, तर केरळ सरकारच्या बाजूस त्यांचेच गुरुबंधू सीरवाई. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने निर्णय झाला. केरळचे जमीनविषयक कायदे ज्या घटनादुरुस्तीने संरक्षिले होते, ती दुरुस्ती न्यायालयाने कायम केली. परंतु त्याचबरोबर घटनेची मूलभूत चौकट मोडण्याचा अधिकार संसदेसही नाही, हे तत्त्व प्रस्थापित केले. म्हणजे कसणाऱ्याची जमीनही राहिली आणि घटनेची चौकटही राहिली. मंडल प्रकरणी १९९२ साली न्यायालयाने इतर मागास वर्गांच्या शेकडा २७ राखीव जागा मान्य केल्या. मात्र एकूण राखीव जागांस सामान्यतः शेकडा ५० ची मर्यादा घालून उन्नत गटास वगळले. प्रबळ वकील समोर असल्यावाचून न्यायाचा तराजू नीट तोलला जात नाही. आपल्या बाजूचा कायदा त्यांच्या प्रहारांपुढे टिकला, म्हणूनच तो आज अधिक पक्का झाला आहे. त्यांचे प्रत्येक मत आम्हांस मान्य आहे असे नाही. जमिनीच्या प्रश्नावर तर मुळीच नाही. तथापि, विरोधी बाजू मांडणारास शत्रू न मानणे हा सुसंस्कृत समाजाचा पहिला धडा होय, आणि तो आपण गावकीच्या व भाऊबंदकीच्या वादांतही शिकण्यासारखा आहे.

त्यांच्या निःस्पृहतेची कसोटी १९७५ साली लागली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी ह्यांची निवडणूक १२ जून रोजी रद्द ठरविली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडण्यास पालखीवालाच उभे राहिले. ज्या सरकारशी ते वर्षानुवर्षे झुंजले, त्याच सरकारच्या प्रमुखाचे वकीलपत्र त्यांनी घेतले. कारण कायद्याच्या दृष्टीने ती बाजू त्यांस योग्य वाटली. परंतु २५ जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली, नेते कारागृहात पडले, आणि त्यांनी तत्काळ ते वकीलपत्र परत केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात केशवानंद निर्णयाच्या फेरविचारासाठी पुन्हा तेरा न्यायाधीशांचे पीठ बसविण्यात आले. पालखीवाल्यांनी त्यास असा प्रखर विरोध केला की, १२ नोव्हेंबरास ते पीठच विसर्जित झाले. पुढे १९८० साली मिनर्व्हा मिल्स प्रकरणात त्यांनी मूलभूत चौकटीचे तत्त्व पुन्हा एकदा दृढ करविले. हे प्रकरण नावाने एका कापडगिरणीचे असले, तरी त्याचे फळ प्रत्येक नागरिकास मिळाले आहे.

काही वाचक म्हणतील, धनिकांचे कर वाचविणे हे कसले पुण्यकर्म? प्रश्न रास्त आहे. ह्यासाठी दोन गोष्टींतील भेद नीट ओळखला पाहिजे. उत्पन्न लपविणे, खोटी वही लिहिणे, ही करचुकवेगिरी होय. तो अपराध आहे. कायद्याने जो कर लागूच होत नाही तो न भरणे, हा नागरिकाचा हक्क आहे. ह्या दोहोंमध्ये एक धूसर पट्टा असतो. तेथे केवळ कर टाळण्यासाठी उभारलेले बनावट व्यवहार येतात, आणि १९८५ साली मॅकडॉवेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यवहारांवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. चांगला करवकील हक्काच्या बाजूस उभा राहतो. वाईट वकील त्या धूसर पट्ट्यात दुकान मांडतो. विद्येचा दोष नव्हे, तो माणसाचा दोष होय.

आणि कंपनीचा कर ही केवळ मुंबईच्या शेठजींची बाब आहे, असेही कोणी समजू नये. आपल्या तालुक्यातील ऊस सहकारी कारखान्याच्या गव्हाणीत पडतो. महाराष्ट्रातील सहकारी कारखान्यांनी सभासदांस सरकारने ठरविलेल्या किमान भावाहून अधिक भाव दिला, तेव्हा प्राप्तिकर खात्याने म्हटले की, ही वाढीव रक्कम उसाची किंमत नसून नफ्याची वाटणी आहे, सबब तीवर कर भरा. कारखाने म्हणाले की, ऊस हा आमचा कच्चा माल आहे आणि दिलेला भाव हा खर्चच आहे. पुन्हा तोच बैलाचा व पेंडीचा प्रश्न! हा वाद कैक वर्षे चालला. मार्च २०१९ मध्ये तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भावात नफ्याचा अंश किती ते पाहण्यासाठी प्रकरणे पुन्हा करअधिकाऱ्यांकडे धाडली. अखेर २०२३ च्या अर्थसंकल्पात जुन्या वर्षांतील अशा रकमा खर्च म्हणून धरण्याची मुभा मिळाली, आणि साखर कारखान्यांस सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. हा पैसा शेवटी कोणाच्या बिलातून जाणार होता, हे ऊस लावणाऱ्यास सांगावयास नको.

१९७७ साली मोरारजी देसाई ह्यांच्या सरकारने पालखीवाल्यांस अमेरिकेत भारताचे राजदूत म्हणून पाठविले. १९७९ पर्यंत त्यांनी ते पद भूषविले. टाटा उद्योगसमूहात त्यांनी संचालक म्हणून दीर्घकाळ काम केले, तसेच असोसिएटेड सिमेंट कंपनीचे ते अध्यक्ष होते. कच्छच्या सीमावादात व पुढे हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयातही त्यांनी भारताची बाजू मांडली. मिळविलेल्या धनाचा मोठा भाग त्यांनी दानधर्मात खर्च केला. चेन्नईच्या शंकर नेत्रालयासारख्या संस्थांस त्यांचे साह्य झाले. त्यांस अपत्य नव्हते. १९९८ साली सरकारने त्यांचा पद्मविभूषण देऊन गौरव केला. पत्नी नर्गेश ह्यांच्या निधनानंतर ते खचले, आणि दीर्घ आजारानंतर ११ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. २००४ साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

त्यांची परंपरा खंडित झाली नाही. व्होडाफोन कंपनीवर सुमारे ११,००० कोटी रुपयांच्या कराची मागणी झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात २०१० साली कंपनी हरली. परंतु २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात ती जिंकली. तेथे तिची बाजू मांडणारे हरीश साळवे हे नागपूरच्या साळवे कुटुंबातील होत. सरकारने त्याच वर्षी मागील तारखेपासून लागू होणारी दुरुस्ती करून तो निकाल निष्प्रभ केला, आणि २०२१ साली कायदा करून ती तरतूद स्वतःच मागे घेतली. कायदा स्थिर असावा, नांगरट झाल्यावर बांध सरकवू नये, हा पालखीवाल्यांचा जुना आग्रह किती सार्थ होता, हे त्यांच्या पश्चात अशा रीतीने सिद्ध झाले.

आपल्या तरुणांस आमचे सांगणे एवढेच आहे. ह्या विद्येस वडिलोपार्जित इस्टेट लागत नाही. भाषा शुद्ध हवी, हिशेब पक्का हवा, आणि चांगल्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली चार-पाच वर्षे अल्प प्राप्तीत काढण्याची तयारी हवी. ती चार-पाच वर्षे घरच्यांनी सोसणे हाच ह्या धंद्यातील खरा भांडवली खर्च होय, आणि तेथेच आपली बहुतेक हुशार मुले मागे फिरतात. ज्ञातिसंस्था शालेय बक्षिसे देते, हे उत्तमच आहे. तथापि, वकिली अथवा हिशेबतपासणीच्या उमेदवारीत असलेल्या एक-दोन होतकरू मुलामुलींस दरमहा काही रक्कम बिनव्याजी देण्याची योजना कार्यकारी मंडळाने वार्षिक सभेपुढे ठेवावी, अशी आमची विनंती आहे. पुढेमागे सहकारी संस्थांचे, कारखान्यांचे व शेतकरी कंपन्यांचे करवाद चालविणारा वकील ह्याच पंचक्रोशीतून निर्माण झाला, तर त्या रकमेची परतफेड साऱ्या तालुक्यास मिळाली असे होईल.